नाशिकच्या समारंभात सोडलेलं पान

नाशिकला जाऊन आले म्हटल्यावर शेजारणींनी पहिल्यांदा विचारलं, द्राक्षं आणलीस का. आणली होती, पण पिशवीत तळाशी दबून त्यांचा रस झाला होता. मग म्हणाल्या, पुरस्कार दाखव. तो दाखवला. लाकडी पाटीवर पितळी पत्रा, त्यावर माझं नाव आणि खाली 'क्रीडा-समाजशास्त्रातील विद्वत्तेबद्दल'. कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. खेळाचं कसलं शास्त्र आणि त्यात समाज कुठून आला, असं आमच्या सांगलीत अजून विचारतात आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देते. तिथे कसं वाटलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की तीन दिवस मी घाबरलेली होते, आणि अजूनही आहे.

मी मुळातच भित्री. वर्गात शेवटच्या बाकावर कुणी हसलं तर ते मलाच हसतायत असं वाटून फळ्याकडे तोंड करते. एस.टी.त ड्रायव्हरमागच्या बाकावर बसत नाही. पण ही भीती तसली नव्हती. ती पाकिटातून आली.

आमच्या विषयाची एक लहानशी परिषद आहे. सगळे सभासद एका एस.टी.त मावतील, तेही उभं न राहता. दिल्लीत एशियाड झालं, तिथे कबड्डी खेळून दाखवली गेली, आणि तेव्हापासून आमच्या परिषदेला एकदम अवसान आलं. दोन पुरस्कार सुरू करायचे ठरले, एक विद्वत्तेचा आणि एक सेवेचा. विद्वत्तेचा माझ्या एका इंग्रजी लेखाला मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना दुसऱ्या परिच्छेदाकडे लक्ष गेलं. सेवेचा पुरस्कार सटाण्याकडच्या एका गावातल्या निवृत्त शिक्षकांना होता. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर पोरांना कबड्डी शिकवली. खाली त्यांचं नाव होतं. ते वाचलं आणि मी पत्र ओट्यावर पालथं ठेवलं.

माझ्या लेखातला मास्तर म्हणजे तेच गुरुजी होते.

हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्या गावात राहून आपण अभ्यास करतो त्याचं नाव बदलायचं, माणसांची नावं बदलायची. कुणाला त्रास होऊ नये म्हणून. त्याप्रमाणे मी गावाला डोंगरवाडी केलं, गुरुजींना तात्या मास्तर केलं आणि लेख छापून आला तेव्हा फार सभ्यपणे वागल्याचं समाधान मानलं. एका समितीनं लेख निवडला, दुसरीनं गुरुजी निवडले, आणि दोन्ही समित्या एकाच मैदानाकडे बोट दाखवतायत हे फक्त मला ठाऊक होतं.

आता लेखात काय होतं ते सांगायलाच हवं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी त्या गावात गुरुजींच्या घरी महिनाभर राहिले. रोज संध्याकाळी वही घेऊन मैदानाच्या कडेला बसायचे. संघातला सर्वांत चपळ मुलगा बौद्धवाड्यातला होता. लेखात मी त्याला किसन म्हटलं, इथेही तूर्त तेच म्हणते. हात लागल्याशिवाय, अंगाला अंग भिडल्याशिवाय कबड्डी होत नाही, आणि गावातल्या काही घरांनी गुरुजींना बजावलं होतं, की त्या पोराला शिवायचं असेल तर आमची पोरं खेळणार नाहीत. गुरुजींनी तोड काढली. किसन चढाईला जाताना हातात रुमाल धरायचा. रुमालाचं टोक ज्याला लागेल तो बाद. आणि किसनला कुणी पकडायचं नाही. चौघांनी हातात हात गुंफून त्याच्याभोवती कडं केलं की गुरुजी शिट्टी वाजवणार, किसन बाद. पोरांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की मी विचारलं तेव्हा त्यांना माझंच नवल वाटलं.

मग मनमाडला सामने झाले. पंचांनी रुमाल काढून घेतला. किसन गेला, वाऱ्यासारखा दोघांना हात लावून वळला, आणि तिसऱ्यानं त्याचा घोटा धरला. किसन सुटायची धडपडच करेना. त्याला आजवर कुणी धरलंच नव्हतं. दम तुटला, अंगावर पाच पोरं पडली, उठली, आणि तो तसाच मातीत पडून राहिला. लागलं असेल म्हणून आम्ही पाणी घेऊन धावलो. लागलं कुठेच नव्हतं.

लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं, मास्तरांनी खेळ वाचवला आणि खेळाडू घालवला. ज्यांच्या घरी महिनाभर ताटावर बसले, त्यांच्याबद्दल.

येत नाही असं कळवायचं दोनदा ठरवलं. पण कारण काय देणार? खरं सांगितलं असतं तर गुरुजींचा सन्मान गेला असता. आणि कबूल करते, मला तो पुरस्कार हवा होता.

इंदिरानगर

परिषदेचे चिटणीस टिळेकर सर. त्यांनी इंदिरानगरला नवा बंगला बांधलाय, आणि पाहुण्यांची सोय तिथेच केली होती. नवा म्हणजे इतका नवा, की जिन्याला कठडा नव्हता. आजूबाजूला आखलेले रिकामे प्लॉट, मधे बाभळी, आणि बांधकामाच्या पाण्यानं भिजलेली काळी चिकट माती. फाटकापासून दारापर्यंत जाईतो माझ्या चपलांना दोन-दोन बोटं मातीचा सोल चढला. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी देतात, टिळेकर वहिनींनी आधी चाकूच दिला, माती खरवडायला. बाई हसतमुख. त्यांच्या दिवाणखान्याच्या खिडकीतून लांबवर पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो आणि संध्याकाळचं वारं असं सुटतं, की आपण अजून शहरात आहोत यावर विश्वास बसत नाही.

गुरुजी सहाच्या सुमाराला आले. फाटकाशी रिक्षा थांबली तशी मी आतल्या खोलीत गेले. काय करायला गेले ते आजही सांगता येणार नाही. पिशवी उघडली, बंद केली. वहिनींनी हाक मारली तेव्हा बाहेर यावंच लागलं.

पांढरं धोतर, टोपी, चष्म्याची भिंगं पूर्वीपेक्षा जाड. म्हातारे झाले होते. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो पाहून मला जागच्या जागी बसावंसं वाटलं. मुलं काय करतात, सांगलीला यंदा पाऊस किती झाला, सगळी चौकशी झाली. मग त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेला डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

"घरवालीनी धाडात," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. "तुमले मांडा आवडतस, हाई तिना ध्यानमा शे."

आमच्याकडे मांडा म्हणजे कुरकुरीत, पिठीसाखरेचा, लग्नाच्या रुखवतात मांडायचा. त्यांच्याकडे मातीच्या पालथ्या खापरावर भाजलेली, दोन्ही हातांवर फिरवून मोठी केलेली रुमाली पुरणपोळी. त्या महिन्यात गुरुजींच्या बायकोनं, काकूंनी, मला ते करायला शिकवायचा प्रयत्न केला होता आणि माझी पोळी दर वेळी कोपरापाशी फाटायची. त्यावर त्या पोट धरून हसायच्या. सहा वर्षांनीही बाईंच्या ते लक्षात होतं. मी डबा घेतला आणि थँक्यू म्हटलं. गुरुजींना आयुष्यात कुणी थँक्यू म्हटलं नसावं, ते गोंधळले.

रात्रीच्या जेवणाला शेवभाजी होती. रस्सा लालभडक, पण आमच्या तांबड्या रश्शासारखा अंगावर धावून येणारा नाही, घशातून उतरल्यावर हळूच कळणारा. पहिला घास छान गेला. दुसऱ्या घासाला टिळेकर सर म्हणाले, की तुम्हा दोघांसाठी एक गंमत केली आहे. गुरुजींच्या गावची मंडळी समारंभाला येणार, त्यांना इंग्रजी कुठून कळणार? म्हणून सरांनी स्वतः बसून माझ्या लेखाचं मराठी केलं होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. गुरुजींचा परिचय आणि माझा लेख अशी एक छोटी पुस्तिका छापायला दिली होती.

"बरं झालं," गुरुजी म्हणाले. "बाईंनी आमच्यात राहून काय लिहिलं, ते वाचायचं राहूनच गेलं होतं."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

रविवार कारंजा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिक बघायला म्हणून बाहेर पडले आणि रिक्षावाल्याला छापखान्याचा पत्ता सांगितला. नाशिकची गल्ली आमच्या गल्लीपेक्षा चढउताराची. एका वळणावर तांब्यापितळेच्या भांड्यांची ठोकठोक, पुढच्या वळणावर चिवड्याचा वास, आणि मधेच दोन घरांच्या फटीतून नदी. एरवी मी असल्या ठिकाणी अर्धा दिवस घालवला असता. त्या दिवशी रिक्षा थांबली की जीव थांबायचा.

छापखाना एका बोळात होता. आत जाताना उंबऱ्याला अडखळून चपलेचा अंगठा तुटला, आणि एक चप्पल हातात धरून मी मालकांची चौकशी केली. मालक नव्हतेच. एक वयस्क कंपोझिटर अक्षरांचे खिळे जुळवत बसले होते. मी कोण ते सांगितलं तसे ते उठून उभे राहिले आणि आधी त्यांनी माझी चप्पल घेऊन तिला तारेचा टाका मारला. मग म्हणाले, तुमचा मजकूर मीच जुळवला.

मी विचारलं, पुस्तिकेतलं शेवटचं एक पान काढता येईल का. एका ठिकाणी चूक राहिली आहे.

कंपोझिटरांना ते चूक म्हणणं लागलं असावं. त्यांनी एक प्रत काढून माझ्यापुढे ठेवली, कुठे चूक आहे दाखवा म्हणाले. मी पान उघडलं. इंग्रजीत जे वाक्य शहाण्यासारखं गप्प बसलं होतं ते मराठीत अंगावर आलं. मास्तरांनी खेळ वाचवला आणि खेळाडू घालवला. चूक दाखवता येईना.

"गठ्ठे तर गेले, बाई," ते म्हणाले. "एक सरांकडे. एक काल सकाळच्या गाडीनं सटाण्याकडं, सरपंचांच्या नावानं. गावानं आधी वाचून यावं असं सरांनीच सांगितलं व्हतं." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं हो? जुळवताना सारखं वाटत व्हतं, पुढच्या पानात येईल."

मला माहीत नाही असं मी सांगितलं. ते खरं होतं. त्या मनमाडच्या मैदानानंतर मी कधी चौकशीच केली नव्हती. पण तेव्हा माझं लक्ष त्यांच्या प्रश्नाकडे नव्हतं. गावात एक गठ्ठा पोचला आहे, एवढंच डोक्यात घणघणत होतं. गावात वाचणारे वाचतील, रुमाल म्हटल्यावर ओळखायला कुणाला वेळ लागेल? डोंगरवाडी म्हणजे कुठलं गाव आणि तात्या मास्तर म्हणजे कोण, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. गुरुजी सोडून सगळ्यांनी कालच वाचलं असणार.

जीव जरा जागेवर यावा म्हणून बाहेरच्या एका हॉटेलात मिसळ मागवली. इथे मिसळीबरोबर पापड देतात, दही देतात, माणसाला सावरायला जागा ठेवतात. आमच्याकडे सावरायला पाव असतो. मी दही खाल्लं आणि बाकीचं तसंच ठेवलं.  मनात भलतेसलते बेत आले. सरांना सगळं सांगावं. समारंभाच्या आधी ताप आणावा. सकाळच्या गाडीनं निघून जावं. यातला एकही बेत गुरुजींसाठी नव्हता, सगळे माझ्यासाठी होते, हे रिक्षात बसल्यावर कळलं.

बंगल्यावर परतले तर गुरुजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. हातात पुस्तिका. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून वाचत होते. मला बघताच त्यांनी ती मिटली आणि बोट मात्र पानात तसंच ठेवलं. मी बघितलं, बोट शेवटच्या पानाशी होतं.

 यंदा सटाण्याकडे कांदा कसा आहे, विहिरींना पाणी किती, असलं गुरुजी सांगत राहिले. मी हो हो म्हणत राहिले. सूर्य डोंगराआड गेला आणि वहिनींनी दिवा लावला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, उद्या पहिल्यांदा तुम्ही बोलणार की मी.

मी म्हटलं, मी.

"बरं शे," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते रागावतील, रडतील, निदान विचारतील. त्या दोन शब्दांनी मी जेवढी घाबरले तेवढी कशानं घाबरले नसते.

समारंभ

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजचं सभागृह. व्यासपीठावर झेंडूच्या माळा, टेबलावर शाली, नारळ आणि आमच्या दोन लाकडी पाट्या शेजारी शेजारी. पुढच्या दोन रांगा गुरुजींच्या गावानं भरल्या होत्या. मंडळी जीपमधून आणि टेम्पोतून आली होती. मधोमध सरपंच, कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर पुस्तिका. ते ती वाचत नव्हते, नुसती गुंडाळून तिची नळी करत होते आणि सोडत होते. मी त्यांच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तेवढंच बघत राहिले.

मग सभागृहाच्या मागच्या दारातून एक तरुण आत आला. निळा रेल्वेचा शर्ट, हातात जेवणाचा डबा, बहुतेक ड्यूटीवरून तसाच आलेला. भिंतीला धरून चालला, आणि त्या चालण्यावरून मी ओळखलं. पाय जमिनीला टेकले न टेकले असं चालणं मी महिनाभर वहीत टिपलं होतं. किसन होता.

माझं नाव पुकारलं. दहा मिनिटं लेखाबद्दल बोलायचं होतं. मी उभी राहिले, माईकची उंची उगाच खालीवर केली, आणि बोलले. ग्रामीण भाग, खेळ, समता, एशियाड. सगळं बोलले. रुमालाचं बोलले नाही. मनमाडचं बोलले नाही. शेवटचं पान मी सोडून दिलं. गुरुजींची लाज राखली असं स्वतःला सांगत खाली बसले. टाळ्या झाल्या. सरपंचांनीही टाळ्या वाजवल्या, आणि पुस्तिका खिशात घातली.  वाटलं, निभावलं.

मग गुरुजींचं नाव पुकारलं.

ते उठले, टोपी सारखी केली आणि माईकपाशी गेले. शाळेतल्या भाषेत सुरुवात केली. परिषदेचे आभार मानले, गावाचे मानले. मग सदऱ्याच्या खिशातून पुस्तिका काढली.

"बाईंनी बोलताना एक पान सोडलं," ते म्हणाले. "ते मी वाचतो."

आणि त्यांनी ते वाचलं. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी, तिसरीच्या मुलासारखं अक्षराअक्षराला थांबत. किसनच्या हातातला रुमाल वाचला. हातात हात गुंफून केलेलं कडं वाचलं. घोटा धरला ते वाचलं. मास्तरांनी खेळ वाचवला आणि खेळाडू घालवला, हे वाचून पुस्तिका मिटली. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. 

"यातला तात्या मास्तर मी," गुरुजी म्हणाले. "गाव आमचंच. मी तसं केलं नसतं तर त्या पोराला मैदानात पाऊल ठेवू दिलं नसतं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. सोताले बी तेच सांगत आलो. पण हाई बी खरं शे, का ज्यासनी माले बजाडं त्यासना घर मी कधी गऊ नही. एकदाबी सांगं नही, का तुमना पोऱ्या नही खेळना तरी चाली." ज्यांनी बजावलं त्यांच्या घरी जाऊन आपण एकदाही बोललो नाही, हे ते गावच्या भाषेतच बोलून गेले. मग ते टिळेकर सरांकडे वळले. हे ऐकूनही सन्मान द्यायचा असेल तर द्या, नाहीतर मला वाईट वाटणार नाही, असं म्हणाले.

टिळेकर सरांच्या हातात शाल होती. ती त्यांनी अर्धी उलगडली आणि अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या खुर्च्या वाजल्या. सरपंच उठले होते. त्यांच्यामागे पहिली रांग उठली, मग दुसरीतली बरीचशी. कुणी आरडाओरडा केला नाही. बाहेर पडताना सरपंच व्यासपीठाशी थांबले.

"गुरुजी, गावात या," ते म्हणाले. "मंग बोलू."

आवाज अगदी हळू होता. मला तो अजून ऐकू येतो.

शाल शेवटी दिली. कुणी तरी टाळ्या वाजवल्या, मग थोड्या जणांनी वाजवल्या. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला, टेम्पोचा आला, आणि दोन्ही लांब गेले. गुरुजी ज्या जीपमधून परत जाणार होते तीच ती.

सीबीएस

दुपारी स्टँडवर आम्ही तिघं होतो. गुरुजी बाकावर बसले होते, पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर. किसननं त्यांना मनमाडला आपल्या क्वार्टरवर चला म्हटलं होतं, चार दिवस राहा, गावातलं तापलेलं निवू दे. गुरुजी म्हणाले होते, घरी बायको एकटी आहे. मग म्हणाले, तिला बोलावून घेतो.  किसनच्या घरी ते आजवर गेले नव्हते, हे मला माहीत होतं, त्या दोघांनाही माहीत होतं.

किसन तिकिटाच्या खिडकीपाशी गेला तशी मीही त्याच्यामागे गेले. माफी मागायची होती. गुरुजींना माझ्यामुळे हे झालं, गावात त्यांना आता कोण कसं वागवेल, असं काहीबाही बोलायला लागले. त्यानं ऐकून घेतलं.

"गुरुजींचं मी बघीन," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी तुम्ही लय घाबरल्या, ते दिसत व्हतं. माझ्यासाठी कोण घाबरलं?"



तो सांगत गेला, राग नव्हता त्याच्या बोलण्यात, असता तर सोपं गेलं असतं. गावात आलात त्या पहिल्याच दिवशी तुम्ही माझं नाव विचारलं, म्हणाला. बापाचं नाव विचारलं, वहीत लिहून घेतलं. शाळेच्या संघाची यादी मनमाडला गेली तेव्हा तिच्यात माझं नाव शेवटी, पेन्सिलीनं होतं. वाटलं, बाईंच्या पुस्तकात शाईनं येईल. सहा वर्षं आधी गावात, मग वर्कशॉपातल्या लोकांना सांगत होतो. काल रात्रीच्या गाडीनं गुरुजींनी पुस्तिका धाडली, ती तीन वेळा वाचली. सगळं माझंच होतं. पडलो ते माझं, रडलो ते माझं. नाव कुठल्या किसनचं.

तुला त्रास होऊ नये म्हणून बदललं, असं मी म्हटलं. आमच्यात तशी रीत आहे.

"गुरुजींचीबी रीतच व्हती," तो म्हणाला. "त्यांनी रीत पाडली, तुम्ही नाव पाडलं. दोघांनी भल्यासाठीच केलं, मला नाय वाटत दुसरं काही. पण मला कुणी इच्यारलं नाय, बाई."

मी विचारलं, आता विचारते. काय करू?

गावाचं नाव टाकू नका, तो म्हणाला. गुरुजींचं टाकू नका, त्यांना अजून तिथं राहायचंय. माझं टाका. मी मनमाडला आहे, रेल्वेत आहे, माझं कोण काय करणार. आणि केलं तर केलं.

टाकते, मी म्हटलं. मनमाडची गाडी लागली. गुरुजींना पायरी चढवेना, गुडघा दुखत होता. त्यानं खालून त्यांना कमरेला धरून वर चढवलं. मी फलाटावर उभी राहिले. गुरुजींनी खिडकीतून हात केला नाही, त्यांचं लक्ष पाटीकडे होतं, ती पडू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

येऊन तीन आठवडे होतील. गुरुजींना दोन पत्रं टाकली, एक गावच्या पत्त्यावर, एक मनमाडला. उत्तर नाही. टपाल येतं त्या वेळेला मी दाराशी असते आणि पोस्टमन पुढे गेला की थोडा वेळ तिथेच उभी राहते. परिषदेकडून कळलं, की गावातून एक अर्ज आला आहे, कसला ते टिळेकर सरांनी लिहिलं नाही. हे छापून आल्यावर आणखी काय होईल याचा विचार करते तेव्हा लिहिणं थांबवावंसं वाटतं. दोनदा थांबवलंही. पण त्याला शब्द दिला आहे, आणि माझ्या शास्त्रातली रीत मोडायची तर ती एकदाच, याच जागी. मनमाडच्या मैदानावर ज्याला धरलं त्याचं नाव प्रल्हाद दामू पगारे. त्यानं सांगितलं तसंच, बापाच्या नावासकट लिहिलं आहे.